साठा उत्तरांनंतर

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
जुन्या तागाच्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
आम्ही एक जग चालवतो.
तिथला सूर्य कधी मावळवायचा
ते मात्र माझ्याकडे असतं.

माझं काम शेवटानंतरचं.
साठ पातळ्या चढून, राक्षस मारून,
मुकुट घालून जो उभा राहतो
आणि विचारतो, ‘मग?’
त्या ‘मग’ची मी पगारी नोकर.

साठा उत्तरांची कहाणी
पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण, म्हणायची आई
आणि मुठीतले तांदूळ देवापुढे टाकून
उठायची कुकर लावायला.
इथे सुफळ चालतं. संपूर्ण चालत नाही.
ग्रेगर म्हणतो, साठावी पातळी गाठली
की अकराव्या दिवशी माणसं गळतात.
मग मी मेलेला राक्षस उठवते,
दर मंगळवारी, जरा जाड, जरा लाल.
कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?
सांग.
सांग काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?
असं बारा लाख लोकांना. रोज.

एक खेळाडू होता, पेग४१.
बाई की बुवा, कळलं नाही कधी.
साठावी पातळी गाठून चार वर्षं झालेली,
राक्षसाकडे परत फिरकलेला नाही.
नोंदीत शेरा: निष्क्रिय.

एका रात्री मी ती नोंद सगळी वाचली.
अडीच वाजता यायचा तो धक्क्यावर,
जिथे नवे लोक फाटक्या सदऱ्यात बोटीतून उतरतात
आणि जिथे उजेड द्यायचा
आमच्याकडून राहूनच गेला होता.
सात कंदील, एकेक करून, हाताने.
तासाभरात विझायचे. परत लावायचा.
उतरणाऱ्याला एवढंच सांगायचा:
‘डावीकडून जा. उजवीकडे लांडगे.’
याला गुण नव्हते. आम्ही ठेवलेच नव्हते.

मी हे मीटिंगमध्ये सांगितलं.
का सांगितलं?
समुद्रावर सापडलेला शिंपला
दाखवावासा वाटतो, तसं.

पंधरा दिवसांत तयार: ‘दीपधारक’.
रोज वीस कंदील, सलग सात दिवस,
बक्षीस जांभळा डगला.
धक्क्यावर ही झुंबड.
लावलेले विझवायचे, परत लावायला मिळावेत म्हणून.
नव्यांना ढकलून पुढे.
लांडग्यांचं कुणी बोलेना.
आलेख चढला. ग्रेगरने केक आणला,
वर बदाम, गोल गोल रांगेत लावलेले.

पेग४१ आला त्या रात्री.
चार मिनिटं उभा राहिला.
सगळे कंदील लागलेलेच होते.
त्याला आता त्र्याण्णव दिवस.

घरी जाताना गाडी टे नदीवरून जाते.
पुलाशेजारी, पाण्यात,
पडलेल्या जुन्या पुलाचे खुंट रांगेने उभे आहेत.
त्यांच्यावरून काही जात नाही.
दिवसभरात त्यांना कुणी काही सांगत नाही.
बसले तर पक्षी बसतात.

गेल्या आठवड्यात मी एक ओळ बदलली.
धक्क्याच्या टोकाचा सातवा कंदील
मोजणीतून काढून टाकला.
लावा, न लावा, काही मिळत नाही.
दोनशे सतरा तक्रारी आल्या:
शेवटचा कंदील बिघडलाय, दुरुस्त करा.
‘माहीत आहे’ लिहून मी एकेक बंद करते.
ग्रेगर अजून विचारलेला नाही.

बहुतेक रात्री तो कंदील काळाच असतो.
काल लागला होता.
नोंद उघडली तर कळेल कुणी लावला.
उघडलेली नाही.